शनिवारची पंचगिरी: हातात किती, कानात किती

वाचकाचं पत्र

काका, नमस्कार. मी मूळची जळगावची, बारा वर्षं झाली न्यू जर्सीत. शाळेत आणि पुढे कॉलेजात सॉफ्टबॉल खेळले, कॅचर होते. धाकटा दहा वर्षांचा आहे, लिटल लीगमध्ये, म्हणजे मुलांच्या लीगमध्ये, बेसबॉल खेळतो. मोठी लेक पंधराची. परवा लीगचा ईमेल आला की पंच कमी पडताहेत, शिकवू आणि दर मॅचचे पैसेही देऊ. माझं काम अर्धवेळ, त्यात ऑफिसने तास कापले. महिन्याला चारशे-पाचशे डॉलर सुटले तर लेकीच्या व्हायोलिनच्या क्लासची चिंता मिटेल. ह्यांचं म्हणणं, "चार पैशांसाठी लोकांच्या शिव्या कशाला खायच्या? आणि तुझं इंग्लिश ऐकून हसतील ते वेगळंच." लेक म्हणते, मीही येते. खरंच पैसे मिळतात का? बाईने, त्यातून आपल्या उच्चारांनी, हे करावं का? ग्रीन कार्ड गेल्या वर्षी हातात आलंय.
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर

ताई, नमस्कार.

"कॅचर होते" हे तुम्ही असं लिहून टाकलंत, जसं कुणी जाता जाता सांगावं की मला पोहता येतं. माझ्या लेखी पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तीच. प्लेटमागचा, म्हणजे बॅटरच्या मागे उभा असलेला, पंच जे बघतो तेच कॅचर त्याच्या दोन फूट पुढे उकिडवी बसून बघत असते. चेंडू तोंडावर येताना डोळे मिटायचे नाहीत, एवढं शिकायला मला पहिला अख्खा सीझन लागला. तुम्ही ते जळगावच्या मैदानावर, बहुधा मे महिन्याच्या उन्हात, कधीच शिकून बसलात.

मी सांगलीचा. तिकडे क्लब क्रिकेटला पंच म्हणून उभा राहायचो, चहा-भजी आणि जाण्यायेण्याचं रिक्षाभाडं एवढ्यावर. इथे मुलाच्या निमित्ताने बेसबॉलच्या कुंपणापाशी उभा राहिलो, एक दिवस कुणीतरी हातात मास्क दिला, त्याला अकरा सीझन झाले. मुलगा आता खेळत नाही, मी जातोच आहे. तेव्हा पुढचं सगळं ऐकीव नाही, माझ्या नडग्यांवर त्याच्या खुणा आहेत.

आधी पैसे, कारण तुम्ही तेच आधी विचारलंत आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

लिटल लीग १९३९ साली पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्टमध्ये सुरू झाली आणि तिची मूळ रीत अशी की पंच हे स्वयंसेवक असायचे. ऑगस्टमध्ये टीव्हीवर त्यांची जी वर्ल्ड सिरीज दिसते, तिथले पंच आजही फुकट उभे असतात. गावोगावच्या बऱ्याच लीगा आता पैसे देतात, कारण दिल्याशिवाय माणूस मिळेनासा झालाय. पण सगळ्या देत नाहीत. म्हणून ईमेलमध्ये "पैसे देऊ" असं असलं तरी उलट लिहून विचारा: प्लेटमागे उभं राहिलं तर किती, बेसवर किती, चेक कधी मिळणार, आणि मैदानावर पोचल्यावर पाऊस आला तर काय. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कुठे "अर्धे देतो" असं येतं, कुठे नुसतं "सॉरी" येतं. आमच्याकडे एप्रिलमध्ये आभाळ जे वागतं ते बघता हा प्रश्न फालतू नाही.

माझ्या वहीतला २०२५ सालचा हिशेब देतो. आठ-नऊ वर्षांच्या पोरांची मॅच: ४० डॉलर. बारा वर्षांपर्यंतच्या मेजर्स गटात प्लेटमागे: ६०. तेरा-चौदाच्या पोरांची, मोठ्या मैदानावरची: ७५. तुमच्या गावात आकडे खालीवर असतील. वर्षभरात ३४ मॅच झाल्या, मिळाले १,८७० डॉलर, म्हणजे सरासरी ५५. मॅच साधारण सव्वादोन तास चालते, अर्धा तास आधी पोचायचं. तासाला २० डॉलर पडले. त्या वर्षी न्यू जर्सीचं किमान वेतन तासाला १५ डॉलर ४९ सेंट होतं. म्हणजे दुकानात उभं राहण्यापेक्षा बरं, पण फार बरं असं नाही.

आता तुमच्या चारशे-पाचशेचं. मे-जूनमध्ये ते होतील, शनिवार-रविवार दोन-दोन मॅच घेतल्यात तर जास्तही होतील. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये थोडे. नोव्हेंबर ते मार्च शून्य. माझेच १,८७० बारा महिन्यांवर पसरले तर महिन्याला दीडशेच्या वर थोडेसेच येतात. व्हायोलिनचा मास्तर हिवाळ्यातही फी घेतो. तेव्हा या पैशाला पगार समजू नका, दोन हंगामी पिकं आहेत असं धरा, आणि पीक आलं की फी एकदम बाजूला काढून ठेवा.

त्यातून जाणारे पैसेही सांगतो, कारण ते ईमेलमध्ये लिहीत नाहीत. लीग तुम्हाला नोकर म्हणून ठेवत नाही, तुम्ही कंत्राटी. कर कापून मिळत नाही, तो आपला आपण भरायचा. खर्च वजा जाता वर्षाला ४०० डॉलर किंवा जास्त उरले की स्वयंरोजगाराचा कर लागतो, ढोबळ १५.३ टक्के, आणि नेहमीचा इन्कम टॅक्स वर. एका लीगने वर्षात ६०० डॉलर दिले की ती १०९९ फॉर्म (दिलेल्या पैशांची नोंद) पाठवायची; २०२६ पासून ती मर्यादा २,००० झाली आहे. आपल्या लोकांत यावरून एक गोड गैरसमज पसरलाय की फॉर्म आला नाही तर उत्पन्न दाखवायचं नाही. फॉर्म लीगच्या सोयीचा आहे. मिळालेला पैसा मिळालेलाच असतो, आणि तो दाखवायचाच. मास्क, बूट, शर्ट, संघटनेची वर्गणी यांच्या पावत्या जपून ठेवा. गाडीच्या मैलांचीही नोंद ठेवा. २०२५ साठी मैलाला ७० सेंट असा दर होता. घर ते मैदान त्यात कितपत बसतं ते तुमच्या सीपीएला, म्हणजे करसल्लागाराला, ठरवू द्या.

इथे जरा थांबतो, कारण हे सदर फक्त तुम्हीच वाचत नाही. तुमच्याकडे ग्रीन कार्ड आहे, तुम्हाला प्रश्न नाही. पण एचवन-बीवर असलेल्या मंडळींनी या ईमेलला उत्साहाने "हो" लिहू नये. ज्या कंपनीने व्हिसा केलाय तिच्याचकडे काम करायची मुभा असते. शनिवारचे साठ डॉलर हे दुसरं काम आहे, मग ते कितीही किरकोळ असो. एच-फोरवर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर असाल आणि ईएडी (कामाचा परवाना) नसेल तर तेच. विद्यार्थी असाल तर कॅम्पसबाहेर विनापरवाना नाही. मात्र बऱ्याच विद्यापीठांत मुलांच्या आपसातल्या सॉफ्टबॉल आणि फ्लॅग फुटबॉलच्या मॅच असतात आणि त्यांचे पंच विद्यापीठच पगारावर घेतं. ते कॅम्पसवरचं काम, सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांच्या हिशेबात बसतं. आधी तिथल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसात विचारून घ्या. आणि "मग रोखीने घेऊ" असं म्हणणाऱ्या भल्या माणसाला लांबूनच नमस्कार करा. पन्नास डॉलरसाठी ग्रीन कार्डाच्या रांगेत आपल्याच हाताने खड्डा कोण खणतं?

आता सामान. पहिल्याच दिवशी दुकानात जाऊन तीनशे डॉलर घालवू नका. सुरुवात बेसवरून करा. तिथे पंचाचा शर्ट, करडी पँट, काळे बूट, टोपी आणि इंडिकेटर एवढ्यावर भागतं. इंडिकेटर म्हणजे तळहातात मावणारी छोटी चकत्यांची डबी, बॉल (ठरलेल्या चौकोनाबाहेरचा चेंडू), स्ट्राइक (चौकोनातला किंवा बॅटरने हुकवलेला) आणि आउट अंगठ्याने मोजायची. ती सहा-सात डॉलरची वस्तू माझ्याकडची सगळ्यात मोलाची. ती घरी विसरून मी एकदा खिशात खडे घेऊन मॅच काढली आहे, आणि चौथ्या इनिंगला एक खडा फाटक्या शिवणीतून पडला. पुढचं विचारू नका.

प्लेटमागे जायला लागाल तेव्हा मास्क, छातीचं कवच, नडगीचे पॅड आणि पुढे लोखंड असलेले बूट लागतील. पहिल्या वर्षी लीगच्या शेडमधून मागून घ्या, बहुतेक ठिकाणी असतात. घामाचा वास येईल, कुणाचा ते विचारायचं नाही. कवच मात्र स्वतःच्या मापाचं लवकर घ्या. मागून मिळतं ते पुरुषांच्या खांद्यांच्या मापाचं असतं आणि मानेपाशी फट राहते. आणि फट असली की चेंडू ती शोधतोच. दहा वर्षांच्या मुलांच्या मॅचला तर फार, कारण त्या वयाचा कॅचर चेंडू अडवण्याऐवजी शहाण्यासारखा बाजूला होतो.

कामाचं सांगायचं तर तुम्हाला नियम शिकायला त्रास होणार नाही, नियमांमधले फरक मात्र छळतील. लिटल लीगच्या लहान मैदानावर बेसमधलं अंतर ६० फूट, पिचर ४६ फुटांवर. मोठ्या मैदानावर तेच ९० फूट आणि ६० फूट ६ इंच. तीन स्ट्राइक झाल्या की बॅटर आउट, पण तिसरी कॅचरच्या हातून सुटली तर मेजर्स गटातला बॅटर पहिल्या बेसकडे धावू शकतो, त्याखालच्या मायनर्समध्ये नाही. एकाच मैदानावर सकाळी नऊला एक कायदा, साडेअकराला दुसरा, मध्ये तुमचं फक्त सँडविच. मी प्रत्येक मॅचआधी टोपीच्या आत चिकटवलेली चिठ्ठी वाचतो. अकरा वर्षांनंतरही.

चेंडूचं म्हणाल तर सॉफ्टबॉल खालून येतो, इथे तो उंचवट्यावरून, हाताच्या वरून खाली उतरत येतो. पहिले काही दिवस गुडघ्याजवळचे चेंडू तुम्हाला वर वाटतील. प्लेट १७ इंच रुंद आहे, आणि चेंडूचा कोणताही भाग तिच्या कडेवरून गेला तरी चालतो. लिटल लीगमध्ये काखेपासून गुडघ्याच्या वरच्या कडेपर्यंत स्ट्राइक. हा चौकोन पुस्तकात वाटतो त्यापेक्षा पुष्कळ मोठा आहे आणि नवे पंच त्याला चिमटीएवढा करून टाकतात. मग चौदा वॉक होतात (चार बॉल झाले की बॅटर फुकट पहिल्या बेसवर), पोरं आउटफील्डमध्ये गवत उपटत बसतात, आणि मॅच संपता संपत नाही. तुम्हाला पैसे मॅचचे मिळतात, तासाचे नाहीत. स्ट्राइक म्हणायला शिका!

पहिल्या बेसवरची एक गोष्ट मला एका जुन्या आयरिश पंचाने शिकवली, ती तुम्हाला देतो. धावणारा आणि चेंडू एकदमच येतात. दोन्हीकडे बघू गेलात तर काहीच दिसत नाही. म्हणून नजर फक्त बेसवर, धावणाऱ्याच्या पावलावर. चेंडू बघायचाच नाही, ऐकायचा. मिटमध्ये (हातमोज्यात) तो थाड् आवाज आधी आला, का पाऊल आधी टेकलं, एवढंच ठरवायचं. आणि हात लगेच वर नेऊ नका. एक श्वास थांबा, चेंडू मिटमध्ये टिकलाय ना ते बघा, मग बोला. माझे बहुतेक चुकीचे निर्णय घाईचे होते, डोळ्यांचे नव्हते.

क्रिकेटची सवय असेल तर ती काढून ठेवावी लागते. तिकडे कुणी "हाऊज दॅट" म्हणेपर्यंत पंचाने तोंड मिटून उभं राहायचं. इथे प्रत्येक चेंडूला, विचारो न विचारो, तुम्हीच बोलायचं. शंभर-दीडशे वेळा. आणि खुणा! माझ्या पहिल्याच मॅचला एका पोराने तिसरी स्ट्राइक सोडली आणि मी सवयीने तर्जनी वर केली. पोरगं आभाळात काय दाखवतायत म्हणून वर बघायला लागलं. पुढच्या इनिंगला चेंडू रेषेबाहेर गेला, मी फाउलसाठी दोन्ही हात वर केले, आणि कुंपणाबाहेरून कुणीतरी देशी गृहस्थ ओरडला, "सिक्सर!" सेफसाठी दोन्ही हात पसरले की मला अजून वाइड दिल्यासारखं वाटतं. गंमत म्हणजे बेसबॉलमध्येही एक प्रसंग असा आहे जिथे पंच हात सरळ वर करतो आणि बॅटर आउट होतो: इनफील्ड फ्लाय, म्हणजे बेसवर धावणारे असताना जवळच उंच उडालेला सोपा झेल. तो नियम नीट समजून घ्या, कारण मैदानावरच्या एकाही बापाला तो माहीत नसतो आणि प्रत्येकाला वाटतं की आपल्याला माहीत आहे.

त्यावरून शिव्यांकडे येतो. तुमच्या यजमानांचं म्हणणं खोटं नाही. २०१८-१९ नंतरच्या दोन-तीन वर्षांत अमेरिकेतल्या हायस्कूल खेळांना सुमारे पन्नास हजार पंच सोडून गेले, असं तिथल्या शालेय खेळांच्या राष्ट्रीय संघटनेनेच सांगितलं. आणि २०२३ मध्ये आपल्याच राज्यात, दक्षिणेकडच्या डेप्टफर्ड गावच्या लिटल लीगचे दोन पंच प्रेक्षकांच्या वागण्याला कंटाळून गेले, तेव्हा लीगने नियम केला: जो कुणी पंचावर तोंड टाकेल त्याने आधी तीन मॅचना स्वतः पंच म्हणून उभं राहायचं, नाहीतर वर्षभर कुंपणाच्या आत यायचं नाही. मला हा नियम इतका आवडला की मी त्याची बातमी छापून आमच्या शेडच्या दारावर लावली. कुणीतरी आठवड्याने काढून टाकली.

पण शिव्या म्हणजे काय, तेही ऐका. नव्वद टक्के वेळा ते नुसतं कण्हणं असतं. "ओ कम ऑन, ब्लू!" ब्लू म्हणजे तुम्ही, शर्टाच्या रंगावरून. त्याकडे लक्ष द्यायचं नाही. लग्नात रुसलेल्या काकांकडे देतो तेवढंच. मग येतात स्वयंघोषित कायदेपंडित. "हात हा बॅटचाच भाग असतो!" असं ओरडतील. नसतो. "बरोबरीत फायदा धावणाऱ्याला!" असं नियमपुस्तकात कुठेही लिहिलेलं नाही. यांना उत्तर द्यायचं नाही. प्रेक्षकांशी पंच बोलतच नाही, हा पहिला नियम समजा. बोलायचं ते फक्त संघाच्या मॅनेजरशी, हळू आवाजात, दोन इनिंगच्या मध्ये: "तुमच्या बाजूचे निळी टोपीवाले गृहस्थ जरा जास्त होतायत, तुम्ही बघता का?" शंभरात नव्वद वेळा तिथे मिटतं. मॅनेजर स्वतःच चढला तर एकदा ऐकून घ्या, दुसऱ्यांदा ताकीद द्या, तिसऱ्यांदा बाहेर काढा. लिटल लीगमध्ये बाहेर काढलेल्या मॅनेजरला पुढची मॅचही बाहेर बसावं लागतं, त्यामुळे तुमच्या ताकिदीला वजन आहे. ते वजन वर्षातून एकदा वापरावं लागलं तर ठीक, दर शनिवारी लागत असेल तर चूक आपल्यात शोधावी.

चौथ्या सीझनला एक बाप माझ्यामागे पार्किंगपर्यंत आला होता. हात उगारला नाही, पण गाडीच्या दाराला टेकून उभा राहिला आणि दार उघडू देईना. शेवटी त्याची बायको येऊन त्याला घेऊन गेली. तेव्हापासून मी गाडी उलटी लावतो, तोंड रस्त्याकडे. मॅच संपली की रेंगाळत नाही आणि जोडीदार पंचाबरोबरच निघतो. तुम्ही पहिल्या दिवसापासून तसंच करा. एकटीने संध्याकाळची शेवटची मॅच घेऊ नका, आणि लीगने जोडीदार दिला नाही तर नाही म्हणा. त्यांना तुमची गरज आहे, हे ईमेलवरूनच दिसतंय.

उच्चारांचं फार मनावर घेऊ नका. बॉल असला तर जवळजवळ पुटपुटायचं, स्ट्राइक असली तर ओरडायचं. एकच शब्द, आणि तोही कुणी नीट उच्चारत नाही. माझा एक इटालियन वंशाचा जोडीदार "हाऽऽईक" असं काहीतरी म्हणतो, दुसरा नुसता भुंकतो. तुम्ही भर बाजारात भाजीवाल्याला हाक मारता त्या आवाजात म्हणा, दीडशे फुटांवरच्या सेंटरफील्डरला कळलं पाहिजे. लोक हसत नाहीत. लोक तेव्हा चिडतात जेव्हा आवाज डळमळतो. जरा चुकलेला निर्णय ठणकावून दिला तर खपून जातो, बरोबर निर्णय चाचरत दिला की सगळं कुंपण अंगावर येतं. हे न्याय्य नाही, पण आहे हे असं.

राहिलं बाईने करावं का. ९ ऑगस्ट २०२५ ला अटलांटात जेन पावोल पहिल्या बेसपाशी उभी राहिली, मेजर लीगच्या, म्हणजे इथल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलच्या, नियमित सीझनमध्ये पंच म्हणून उभी राहिलेली पहिली बाई. दुसऱ्या दिवशी ती प्लेटमागेही होती. वय ४८. मूळची आपल्याच न्यू जर्सीतल्या वेस्ट मिलफर्डची, आणि कॉलेजात काय खेळायची? सॉफ्टबॉल. कुठे? कॅचर. यजमानांना एवढा परिच्छेद वाचून दाखवा आणि उगाच काही बोलू नका.

एक पथ्य मात्र पाळा. तुमच्या मुलाची मॅच घेऊ नका, त्याच्या गटातलीही नको. तुम्ही कितीही चोख असा, त्याला दिलेली एक बॉल गावभर होते आणि त्याला दिलेली एक स्ट्राइक घरी जेवणाच्या टेबलावर येते. लीगला सांगा, दुसरा गट द्या. शेजारच्या गावात बेब रूथ किंवा कॅल रिपकेन लीग (याही मुलांच्या बेसबॉलच्याच) असेल तर तिथेही चौकशी करा, त्यांचं मुख्यालय इथेच हॅमिल्टनला आहे. शनिवार-रविवारच्या ट्रॅव्हल टूर्नामेंटा (गावोगाव फिरणाऱ्या संघांच्या स्पर्धा) जास्त पैसे देतात, दिवसाला चार मॅचही मिळतात. तिथे पालकांनी भरमसाट फी भरलेली असते आणि ती तुमच्या कानात वसूल होते. दोन सीझन तरी तिकडे फिरकू नका.

लेकीला जरूर न्या, पण तुमच्यासारखं नाही. पंधराची मुलगी सात-आठ वर्षांच्या पोरांच्या मॅचना, बेसवर, मोठ्या माणसाच्या जोडीने. २०१९ च्या जूनमध्ये कोलोरॅडोतल्या लेकवूडला सात वर्षांच्या मुलांच्या मॅचमध्ये १३ वर्षांच्या पंचाच्या निर्णयावरून मोठ्यांची हाणामारी झाली होती, व्हिडिओ देशभर फिरला. ते पोरगं मध्ये उभं. म्हणून लीगला आधी विचारा: मैदानावर तुमचा जबाबदार माणूस कोण असतो, आणि कुणी मुलीवर ओरडलं तर मॅच कोण थांबवतो? नाव सांगता आलं तर पाठवा, "बघू" म्हणाले तर घरी ठेवा. आणि पहिल्या काही मॅच तुम्ही तिच्या जोडीदार होऊ नका. तिच्यावर कुणी तोंड टाकलं की तुमच्यातली पंच जाईल आणि आई उरेल. तिची कमाई ही तिची स्वतःची कमाई आहे. तेवढ्या रकमेपर्यंत तिच्या नावाने रॉथ आयआरए, म्हणजे निवृत्तीसाठीचं करसवलतीचं खातं, उघडता येतं, हे ऐकल्यावर तुमचे यजमान अचानक या बेतात रस घेतील असा माझा अंदाज. नवरे मला थोडेफार कळतात.

सुरुवात कशी? प्रशिक्षण वर्ग बहुधा फेब्रुवारी-मार्चमध्ये एखाद्या शाळेच्या जिममध्ये असतात, त्याची तारीख लीगला विचारा. तुमची पार्श्वभूमी तपासतील, मुलांच्या सुरक्षिततेचं छोटं ऑनलाइन शिक्षण घ्यावं लागेल, तेही लगेच उरका. नियमपुस्तक एका दमात वाचू नका, रोज पाच पानं. आणि वर्गाला जायच्या आधी एक रविवार ह्यांना अंगणात उभं करा, पोराला कॅचर करा, टेनिस बॉल टाकायला सांगा. तुम्ही त्याच्या मागे वाका, हनुवटी त्याच्या टोपीच्या थोडी वर. पहिले पन्नास चेंडू नुसते मिटमध्ये जाईपर्यंत बघा, काही बोलू नका. पुढचे पन्नास ओरडून सांगा. शेजारी खिडकीत येतील, येऊ द्या. आणि मास्क डाव्या हाताने काढायची सवय आत्ताच लावा, उजवा हात आउट द्यायला मोकळा लागतो.